गवताचा कायदा, कोळशाचा कायदा

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात माधव श्रीहरी अणे यांनी सरकारच्या परवानगीवाचून गवत कापले आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. वऱ्हाडाला समुद्र नाही, त्यामुळे मीठ उचलून कायदा मोडण्याची सोय नव्हती. जे समोर होते ते जंगल होते, आणि त्या जंगलातले गवत, सरपण, मोहाची फुले ही सारी सरकारची मालमत्ता आहे असे सांगणारा १९२७ चा वनकायदा होता. अण्यांनी विळा उचलला. त्याच जुलै महिन्यात यवतमाळजवळ डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रह केला आणि कारावास भोगला. पुढे सप्टेंबरमध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला याच प्रश्नावर गोळीबार झाला. यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात ‘निसर्गावर हक्क कोणाचा’ हा प्रश्न इतक्या ठळकपणे विचारला गेल्याचा हा पहिला प्रसंग म्हणता येईल.

या सत्याग्रहाकडे स्वातंत्र्यलढ्यातला एक उपप्रसंग म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. पाठ्यपुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते. आमच्या मते त्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. गवत कापणे हा गुन्हा आहे, हे कायद्याने सांगितल्यावाचून कोणालाही सुचले नसते. पिढ्यानपिढ्या जे कृत्य गुरे चारण्याइतके साधे होते, ते एका कलमाने चोरीच्या रकान्यात गेले. सत्याग्रहाने फक्त एवढेच केले, की ते साधे कृत्य पुन्हा सर्वांसमक्ष, दिवसाढवळ्या केले, आणि मग कायद्याचे विचित्रपण आपोआप उघडे पडले. परकी सरकार, आपले गवत, हातात विळा: हे चित्र समजायला भाष्याची गरज नव्हती. (येथे एक गंमत नोंदवून ठेवू. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. म्हणजे जमीन एकाच्या नावावर, कारभार दुसऱ्याचा, आणि गवत कापणारा तिसराच. मालकीच्या प्रश्नाची गुंतागुंत या भूमीला नवी नाही.)

अणे जन्माने वणीचे. १८८० साली ते तेथे जन्मले. वणी हे तेव्हा केवळ तालुक्याचे गाव नव्हते, तर सबंध जिल्हाच त्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. आज वणी म्हटल्यावर लोकनायक अण्यांची आठवण होते ती मुख्यतः साहित्याच्या किंवा राजकारणाच्या अभ्यासकाला. इतरांना आठवतो तो कोळसा. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, राजूर, घोन्सा, कुंभारखणी ही गावांची नावे कोळसा व्यवहारात खाणींची नावे झाली आहेत. गाव आणि खाण यांचे नाव एकच असावे, आणि त्यांतले एक दुसऱ्याला हळूहळू गिळत असावे, हा नामकरणाचा प्रकार भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे.

या कोळशाची नोंद जुनी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळसाक्षेत्रावर लिहिलेला ग्रंथ १८७७ सालचा. नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारने स्वतः चालवलेली खाण १८७० च्या दशकात चालू होती, ती १९०६ मध्ये बंद पडली. पण एकोणिसाव्या शतकात यवतमाळवर इंग्रजांची नजर होती ती कापसासाठी. जमिनीच्या वरच्या काळ्या मातीत मँचेस्टरला हवे असलेले पीक उगवत होते, तोवर खालच्या काळ्या थराला थांबण्यास हरकत नव्हती. वऱ्हाडी साहित्यानेही हाच क्रम पाळलेला दिसतो. कापूस, सावकार, कर्ज, नापिकी आणि अलीकडे शेतकऱ्याची आत्महत्या यांवर विदर्भात पुष्कळ आणि काही फार चांगले लेखन झाले. कोळशाला तेवढी जागा मिळाली नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’सारखी कादंबरी शेतीच्या कोंडीला मिळाली. खाणीत गेलेल्या शेतीला तिची कादंबरी मिळायची आहे.

कोळशाचा आजचा कायदा मात्र इंग्रजांचा नाही. तो १९५७ सालचा, स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला, कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा आणि विकासाचा कायदा आहे. या कायद्याची रचना साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी संहिता म्हणून वाचावी. चौथ्या कलमाने केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करते, की अमुक क्षेत्रात कोळसा मिळण्याचा संभव आहे. त्यानंतर अधिकारी तेथे शिरू शकतात, मोजणी करू शकतात, खोदून पाहू शकतात. सातव्या कलमाने सरकार संपादनाचा इरादा जाहीर करते. आठव्या कलमाने हितसंबंधी व्यक्तीला तीस दिवसांत हरकत घेता येते. नवव्याने संपादनाची घोषणा होते आणि दहाव्याने ती जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन संपूर्णपणे केंद्र सरकारकडे निहित होते. अकराव्याने ती सरकारी कंपनीकडे जाऊ शकते. राजपत्र, तीस दिवस, निहित होणे: क्रियापदे सारी एकाच बाजूची आहेत.

आठव्या कलमाला जोडलेले एक स्पष्टीकरण विशेष आहे. त्यात म्हटले आहे की, या जमिनीतून मला स्वतःला कोळसा काढायचा आहे, सरकारने किंवा दुसऱ्या कोणी तो काढू नये, असे म्हणणे ही या कलमाच्या अर्थाने हरकतच ठरणार नाही. म्हणजे हरकत घेण्याचा हक्क आहे, पण कोणते म्हणणे हरकत मानायचे हे आधीच ठरलेले आहे. ‘संमती’ नावाची गोष्ट या पायऱ्यांत कोठेच येत नाही. आणि हे सर्व ज्या दशकात झाले ते नेहरूंच्या लोकशाहीचे, नियोजनाचे, पोलाद आणि धरणांच्या स्वप्नाचे दशक होते. त्या स्वप्नाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. खाजगी खाणमालकांनी मजुरांना जे जिणे दिले होते ते पाहता राज्याने कोळसा हाती घ्यावा असे कोणालाही वाटले असते. प्रश्न एवढाच, की परक्या सरकारने गवत आपले म्हटले तेव्हा विळा उचलणारा देशभक्त ठरला. आपल्या सरकारने जमिनीखालचा कोळसा देशाचा म्हटल्यावर ‘माझे वावर देणार नाही’ म्हणणारा कोण ठरतो? त्याला आता कोणाविरुद्ध सत्याग्रह करायचा?

१९७३ साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीअखेर सरकारने कोकिंगेतर कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ मेपासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. हे घडवून आणणारे मंत्री मोहन कुमारमंगलम त्याच महिन्याच्या अखेरीस विमान अपघातात गेले. त्याच वर्षी यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ग. दि. माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. आणि त्याच वर्षी अण्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर, कारण अणे १९६८ च्या २६ जानेवारीला निवर्तले होते. या तीन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण ज्याने गवताचा कायदा मोडला त्या माणसाचे संस्कृत काव्य गौरवले जात असताना त्याच्याच गावाभोवतीच्या कोळशाचे भवितव्य ठरत होते, एवढे मात्र खरे.

राष्ट्रीयीकरणानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांची ‘वेकोलि’, ही तिची उपकंपनी. तारखेकडे पाहा. आणीबाणी लागून चार-पाच महिने झाले होते. पुढच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी सांगितले, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. जी अपिले तेथे एकत्र ऐकली गेली त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचेही प्रकरण होते. कोळशाची मक्तेदारी आणि नागरिकाचे मौन एकाच हंगामात यावे यात कट शोधणे बालिश ठरेल. तरी एवढे म्हणता येईल, की ज्या काळात या यंत्रणेच्या सवयी घडल्या, तो ‘ऐकून घेण्याचा’ काळ नव्हता. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी जे धैर्य दाखवले त्याची आपण वारंवार आठवण काढतो. ते व्यासपीठावरचे धैर्य होते. राजपत्रातल्या सूचनेला तीस दिवसांत लेखी हरकत देणाऱ्या शेतकऱ्याला जे धैर्य लागत असेल, त्याची नोंद साहित्याच्या इतिहासात होत नाही.

खाण उघडी असते तेव्हा काय होते हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण येथे भाषेचा प्रश्न थेट येतो. उघड्या खाणीत कोळशावरचा सारा थर, माती, मुरूम, दगड, काढून बाजूला टाकावा लागतो. त्या थराला खाणशास्त्रात ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात, म्हणजे वरचे ओझे. वणी परिसरात या ओझ्याचे डोंगर दुरून दिसतात. त्या ओझ्यात सर्वांत वर असते ती कापसाची काळी माती. एका शास्त्राची जी संपत्ती ती दुसऱ्या शास्त्राचा कचरा, आणि निर्णय दुसऱ्या शास्त्राकडे. खोदकाम भूजलाच्या पातळीखाली गेले की पाणी उपसून बाहेर सोडावे लागते आणि आसपासच्या विहिरी उतरतात. कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात त्यांच्या कडेचा कापूस बोंडातच काळवंडतो. पलीकडच्या चंद्रपूरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक क्षेत्रांचा जो सर्वंकष निर्देशांक काढला त्यात चंद्रपूरला शंभरांपैकी ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशातल्या अत्यंत प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वर बसले.

मग गावकरी विरोध का करत नाहीत, असा प्रश्न शहरातला वाचक विचारतो. विरोध होतोच. पण त्याचे रूप गुंतागुंतीचे आहे आणि त्याला कारण आहे नोकरी. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार साधारणपणे दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सरकारी कंपनीतली कायम नोकरी म्हणजे काय, हे विदर्भात सांगावे लागत नाही. म्हणून अनेक ठिकाणी आंदोलन ‘जमीन घेऊ नका’ यासाठी नसते, ‘घेतलीच आहे तर नोकरी द्या’ यासाठी असते. याला कोणी पर्यावरणविरोधी वृत्ती म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. ज्याच्याकडे दीड एकर आहे तो भावाबंदांशी जमीन जोडून दोन एकर पुरी करण्याच्या खटपटीला लागतो. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, जो त्याच वावरात निंदायला-वेचायला जातो, तो या हिशेबात येतच नाही. यवतमाळमध्ये हा भूमिहीन माणूस बहुधा दलित किंवा आदिवासी असतो. जिल्ह्यातले कोलाम हे केंद्राच्या यादीतले विशेष असुरक्षित आदिवासी समूह आहेत. झरी-जामणीसारख्या तालुक्यांत त्यांचे पोड, म्हणजे वस्त्या, आणि कोळशाचे पट्टे एकमेकांना लागून आहेत. एकराच्या मापाने न्याय मोजला की ज्याची वावराशी नाळ फक्त श्रमाची आहे तो मोजमापाच्या बाहेर पडतो.

राजकीय विचारवंत टिमोथी मिचेल यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात एक लक्षवेधी मांडणी केली आहे. त्यांच्या मते युरोपात कोळशाने लोकशाहीला बळ दिले, कारण खाणकामगार आणि रेल्वे कामगार संपावर गेले की सारा देश थांबत असे. तेलाने ही ताकद काढून घेतली, कारण ते नळांतून वाहते आणि त्याला फारसे हात लागत नाहीत. वणीला हे सूत्र लावून पाहिले तर अर्धेच लागू पडते. राष्ट्रीयीकरणाने खाणकामगाराला वेतनकरार, संघटना आणि आवाज दिला. पण आवाज मिळाला तो खाणीच्या आतल्या माणसाला. खाणीच्या कडेला राहणाऱ्याच्या हातात थांबवण्यासारखे काहीच नव्हते. शेवटी तो ट्रक अडवतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो.

२०१२ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने कोळसापट्ट्यांच्या वाटपाचे प्रकरण देशभर गाजवले. १ लाख ८६ हजार कोटी रुपयांचा आकडा तेव्हा घराघरांत पोचला. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनचे वाटप मनमानी आणि बेकायदा ठरवले आणि सप्टेंबरमध्ये २१४ पट्टे रद्द केले. यवतमाळमधल्या मार्की-मांगली पट्ट्यांचाही त्या प्रकरणात समावेश होता. हा निकाल महत्त्वाचा होता यात शंका नाही. पण त्या सगळ्या चर्चेत तक्रार होती ती तिजोरीच्या नुकसानीची. कोळसा स्वस्तात कोणाला दिला, एवढाच प्रश्न होता. कोळशावर बसलेल्या माणसाला विचारले होते का, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याच युक्तिवादाच्या केंद्रस्थानी नव्हता. आणि या दोन तारखांच्या मधोमध, २०१३ साली, नवा भूसंपादन कायदा झाला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खाजगी प्रकल्पांसाठी ऐंशी टक्के बाधितांची संमती आली. पण त्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा जुन्या कायद्यांना यातून वगळले गेले, आणि १९५७ चा कोळसा कायदा त्यांपैकी एक. नंतर मोबदला आणि पुनर्वसन यांची नवी कलमे त्याला लागू झाली. संमती आणि सामाजिक अभ्यास लागू झाले नाहीत. पैसे वाढले, प्रश्न विचारला गेला नाही.

येथे आपण थोडे दूर, नायजेरियाकडे जाऊ, कारण खनिज इंधनावर जगणाऱ्या हुकूमशाही राज्यात न्याय मागणे म्हणजे काय, हे एका लेखकाने तेथे आपल्या प्राणांनी दाखवले. केन सारो-विवा हा नाटककार, कादंबरीकार, दूरचित्रवाणी मालिकेचा लेखक; नायजेरियन लेखकांच्या संघटनेचा अध्यक्षही तो होता. त्याची ओगोनी जमात नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातली. १९५८ पासून तेथे तेल निघू लागले. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने देशातले सर्व तेल राज्याचे झाले. पुढे निर्यातीच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा तेलाचा झाला आणि सत्ताधाऱ्यांना प्रजेच्या करांची, म्हणून प्रजेच्या मर्जीचीही, फारशी गरज उरली नाही. १९९० साली ओगोनींनी आपल्या हक्कांचा जाहीरनामा काढला. १९९३ च्या जानेवारीत लाखो लोक रस्त्यावर आले. १९९४ मध्ये चार ओगोनी पुढाऱ्यांची हत्या झाली. तिचा ठपका सारो-विवा आणि त्याच्या साथीदारांवर ठेवून खास लष्करी न्यायासनापुढे खटला चालवण्यात आला, आणि जगभरच्या विनवण्या धुडकावून १० नोव्हेंबर १९९५ रोजी नऊ जणांना फाशी देण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये सांगितले, की ओगोनी भूमी स्वच्छ व्हायला पंचवीस ते तीस वर्षे लागतील. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या नऊ जणांना ‘माफी’ दिली. निर्दोष माणसाला माफी कशाची, हा प्रश्न त्यांच्या आप्तांनी आणि समर्थकांनी तेव्हाच विचारला.

सारो-विवाला पुतळा करून ठेवण्याची गरज नाही. बियाफ्राच्या यादवीत तो संघराज्याच्या बाजूने होता, त्या सरकारचा प्रशासकही होता. ज्या राज्याने त्याला फासावर दिले ते उभे राहावे म्हणून त्याने तरुणपणी काम केले होते. त्यामुळेच ‘आपले’ राज्य आपल्याविरुद्ध गेल्यावर काय होते, याचे त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. १९८५ च्या ‘सोझाबॉय’ कादंबरीत त्याने मुद्दाम मोडकीतोडकी, रस्त्यावरची इंग्रजी वापरली. अर्धशिक्षित पोरगा, त्याला न कळणारे युद्ध, आणि त्याच्या अंगावर कोसळणारे अधिकाऱ्यांचे मोठमोठे शब्द: त्या कादंबरीचा सारा ताण तेथे आहे. कायद्याची भाषा आणि ज्याला कायदा लागतो त्याची भाषा यांतले अंतर हाच अन्यायाचा एक भाग असतो, हे त्याने कादंबरीत सांगितले होते.

वणी म्हणजे ओगोनी नव्हे. येथे हरकत घेणाऱ्याला फाशी झालेली नाही. नागपूर खंडपीठाचे दार उघडे असते, वर्तमानपत्रे बातमी छापतात, आमदार पडू शकतो. हा फरक शाब्दिक नाही, तो जीवन-मरणाचा आहे आणि तो पुसून तुलना करणे बेजबाबदारपणाचे आहे. पण राज्य लोकशाही असले तरी त्यातला एखादा कायदा, एखादे खाते, एखादा पट्टा लोकशाहीच्या आधीच्या काळात राहू शकतो. देशाची बहुतांश वीज आजही कोळशावर होते. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे गेले. एवढी गरज ज्या वस्तूची आहे, तिच्याबद्दल ‘थांबा’ म्हणणाऱ्याकडे राज्य कोणत्या नजरेने पाहते? याचे काही पुरावे आहेत. जानेवारी २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या महान जंगलातल्या कोळसा खाणीविरुद्ध काम करणाऱ्या प्रिया पिल्लई यांना लंडनला जाताना दिल्ली विमानतळावर उतरवण्यात आले. ब्रिटिश खासदारांपुढे त्या बोलणार होत्या. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरवली. त्याच वर्षी ग्रीनपीस इंडियाची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली. २०१६ साली छत्तीसगड, झारखंड आणि ओडिशातल्या कोळसा संपादनावर, म्हणजे याच १९५७ च्या कायद्यावर, अहवाल काढणाऱ्या ॲम्नेस्टी इंडियाला २०२० मध्ये बँक खाती गोठवली गेल्यामुळे भारतातले काम थांबवावे लागले. त्यांच्यावरचे आरोप आर्थिक नियमभंगाचे होते, आणि त्यांचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. इतकेच पाहू, की देशहिताची व्याख्या जेव्हा टनांत होते तेव्हा हरकत घेणाऱ्याचा हिशेबही वेगळ्या वहीत लिहिला जातो.

बोलू देणे आणि न देणे हा प्रश्न २०१९ च्या जानेवारीत यवतमाळात साहित्याच्याच मांडवात आला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ४६ वर्षांनी पुन्हा तेथे भरत होते, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते, आणि इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाचे उद्घाटन कशी करते, असा आक्षेप घेत उधळून लावण्याची धमकी येताच आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. ज्या लेखिकेने ‘रिच लाइक अस’ ही आणीबाणीवरची कादंबरी लिहिली आणि २०१५ साली असहिष्णुतेच्या निषेधार्थ त्याच कादंबरीचा अकादमी पुरस्कार परत केला, तिलाच न बोलावता यावे यातला उपरोध कोणाच्या नजरेतून सुटला नाही. अनेक लेखकांनी बहिष्कार घातला, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत छापून सगळीकडे वाचले गेले. उद्घाटन झाले ते वैशाली येडे या यवतमाळच्याच आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. त्या निवडीला काहींनी पळवाट म्हटले. आम्हाला ते संपूर्ण पटत नाही. पळवाट म्हणून उघडलेल्या दारातूनही माणूस आत येतो आणि बोलतो.

तरी त्या वादात मराठीचा अभिमान ज्या आवेशाने मांडला गेला, त्याची आठवण एका वेगळ्या संदर्भात ठेवावीशी वाटते. खाणीसारख्या प्रकल्पासाठी १९९७ पासून जनसुनावणी घेणे बंधनकारक झाले. पर्यावरणीय परिणामांचा मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. गावकऱ्यांसाठी त्याचा स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो. हा मराठी सारांश ज्याने कधी वाचला असेल त्याला ठाऊक आहे, की ती मराठी नसते. इंग्रजी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवलेली ती एक तिसरीच भाषा असते, जिच्यात विहीर आटत नाही, ‘भूजल पातळीवर नगण्य परिणाम’ होतो. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने जूनअखेर तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत आणण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषेच्या हक्कासाठी झालेली ही लढाई होती, आणि ती साहित्यसंस्थांनी लढलेली नव्हती.

या सगळ्या कागदी व्यवस्थेत मराठीने एक शब्द मात्र नेमका दिला आहे. इंग्रजीत ज्याला फक्त प्रकल्पाचा ‘परिणाम झालेला माणूस’ म्हणतात, त्याला आपण ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतो. रोगग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेतला तो शब्द आहे. राज्याने आपल्या कायद्यातही तोच घेतला आणि प्रकल्प ही एक आपत्ती आहे हे नकळत कबूल केले.

जनसुनावणीचे नियम २००६ च्या अधिसूचनेत आहेत. गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी होते. पण तिच्या शेवटी जे घडले पाहिजे ते फार थोड्यांना माहीत असते. लोकांनी मांडलेल्या सर्व मतांची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने करायची, ती नोंद जमलेल्या लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची, समजावून सांगायची, आणि मगच त्यावर सही व्हायची. ते इतिवृत्त पुढे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हाधिकारी कचेरीत लावायचे असते. त्यात कोणाच्या तरी विहिरीचा, बोंडावरच्या काजळीचा, दीड एकराचा उल्लेख असतो, बोलणाऱ्याच्या शब्दांत किंवा लिहून घेणाऱ्याच्या. वणीच्या कोळसापट्ट्यातली अशी इतिवृत्ते मराठीत आहेत आणि ती कोणालाही मागता येतात.